पुढच्या वळणावर थांबतो

"वांतीवाली कोन हाय? समोर या!"

दारव्ह्याच्या बसस्टँडबाहेरून काळीपिवळी जीप निघायच्या आधी तो हे ओरडायचा. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा दाराबाहेर, आणि त्या उजव्या हाताने दाराच्या पत्र्यावर थाप, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. तुम्ही अशा जीपने फिरला असाल तर मागची परिस्थिती मी सांगायला नको. चौदा माणसं, सरकीची दोन पोती, कुणाची तरी कोंबडी, आणि ज्याच्या मांडीवर आपण बसलोय त्याची ओळख निघेपर्यंत उतरायचं गाव आलेलं. समोर मात्र तो आपल्याशिवाय दोघांनाच घ्यायचा. गिअर टाकायला जागा लागते, म्हणायचा. आणि त्या दोन जागा ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी राखीव होत्या. त्यात सरपंचाचाही वशिला चालत नसे.

मला गाडी लागत नव्हती. पण मी तेरा वर्षांची होते, तो तेवीस, आणि मला समोर बसायचं होतं.

आमचं गाव दारव्हा आणि बोरी अरबच्या मध्ये, रस्त्याला लागून. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून दारव्ह्याला जायचं ते त्याच्याच जीपने. पहिल्या आठवड्यात मी मागे बसले. दुसऱ्या सोमवारी मी पोट धरलं, डोळे अर्धे मिटले आणि आईला सांगितलं, गाडी लागते. आईने मुठीत लिंबू दिलं, दाढेखाली लवंग दिली आणि बसताना खाली पेपर अंथरायला सांगितलं, कारण पेपरवर बसलं की वांती होत नाही असं आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. का होत नाही ते कुणाला माहीत नाही. मी आता नर्स आहे, मलाही माहीत नाही.

पोळ्यापर्यंत आमच्या गावातल्या पाच पोरींना गाडी लागायला लागली. समोर जागा दोन. मग आम्ही आपसात वार वाटून घेतले. बुधवार आणि शनिवार माझे.

दिसायला कसा होता? आता विचाराल तर ठीकठाक. नाक जरा जास्तच होतं. कान बाहेर आलेले. पण आमच्या गावच्या हद्दीत रोज दाढी करणारा तो एकटाच माणूस होता. तेराव्या वर्षी एवढं पुष्कळ होतं.

अडचण एकच. त्याला हाक मारायची तर 'भाऊ' म्हणावं लागे. गावात हीच पंचाईत आहे. ज्याच्यावर मन बसतं त्यालाही भाऊच म्हणावं लागतं. "भाऊ, थोडी खिडकी उघडा नं," असं मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणायची. तो खिडकी उघडायचा. आमचं प्रेम एवढंच.

त्याचं दुसरं वाक्य होतं, "पुढच्या वळणावर थांबतो." कुणीही काहीही म्हणो, गाडी थांबवा, उतरायचं आहे, लघवीला जायचं आहे, चप्पल पडली, त्याचं उत्तर हेच. पुढचं वळण यायचं आणि जायचं. बोरीच्या बाजारातून निघालेल्या एका म्हाताऱ्याने लाडखेडपासून विनवण्या सुरू केल्या त्या थेट दारव्हा आलं तेव्हाच संपल्या, आणि तोवर त्याला उतरायची गरजही उरली नव्हती.

"थांबवलेली गाडी म्हंजे बसलेला बैल," तो सांगायचा. "उठवाले लय तरास होते."

त्याला बैलांची उपमा सुचायची त्याला कारण होतं. तो आमच्या गावाशेजारच्या तांड्यातला. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरले. बापाने शेती केली. ह्याने जीप घेतली, आणि आपण घराण्याचाच धंदा पुन्हा सुरू केला, असं तो म्हणायचा. बैलाला वळण दिसलं की तो आपोआप मंद होतो. हा होत नसे. हा वळणावर खूश व्हायचा. त्याचा आवडता गिअर होता, तिसरा. आवडतं झाड होतं, रस्त्यातलं एक बेहड्याचं. आवडतं वळण होतं. आणि आवडतं गाव चिखलदरा, जे त्याने तोवर एकदाच पाहिलं होतं आणि ज्याच्याबद्दल तो रोज बोलायचा.

मी नववीत गेले आणि त्याचं लग्न ठरलं. मुलगी पुसदच्याही पलीकडच्या एका तांड्यातली. माझ्या बाजूने विचार करा. गावातल्या निम्म्या लोकांना वरातीचं आमंत्रण होतं, त्यात आम्हीही, आणि आई म्हणाली, चल, तुले त भाऊचं लय आहे.

आता ह्या माणसाने काय करावं? स्वतःच्या वरातीची जीप स्वतः चालवावी. त्याचं म्हणणं, नवीन गाडी आहे, दुसऱ्याच्या हातात कशी देऊ? नवरदेव बाशिंग वर सारून स्टिअरिंगवर. शेजारी नवरी, डोक्यावरून पदर ओढलेली, आरशांच्या भरतकामाने मढलेली. मागच्या बाजूला करवल्या, दोन म्हाताऱ्या आणि मी. माझा दुःखी चेहरा बघून एका म्हातारीने विचारलं, "तुले बी लगन करायचं हाय का वं?"

पुसद सोडलं की घाट लागतो. त्या घाटात त्याने बायकोला दाखवून दिलं की आपण काय चीज आहोत. प्रत्येक वळणावर गाडी अशी फिरवली की मागे आम्ही सगळे एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. पाचव्या-सहाव्या वळणावर नवरी वाकली. बाशिंग, धोतर, गिअरची दांडी, काही सुटलं नाही. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच मला भूक लागली.

तिने त्या दिवशी दारव्ह्याच्या अलीकडे कुठेतरी गाडीचा वेग कमी होताच दार उघडलं, उतरली, आणि उरलेला रस्ता चालत सासरी आली. नवी नवरी पायी घरात शिरली, ही गोष्ट तांड्यात अजून सांगतात.

त्यानंतर ती त्याच्या जीपमध्ये बसली नाही. छत्तीस वर्षं. माहेरचा भाऊ बैलगाडी घेऊन यायचा तेव्हा माहेरी जायची. पुढे भावाने बैल विकले, तर माहेर कमी केलं. बाजाराला पायी. दोन्ही बाळंतपणं घरी. कुणी म्हटलं, गाडी दारात उभी आहे, जरा बसत जा, की त्यांच्या बोलीतला एकच शब्द: "कोनी." म्हणजे नाही. तो शब्द तिच्या तोंडून इतका पक्का यायचा की पुढे विचारायची सोय नव्हती.

"आमचे पंजोबे मुलुखभर फिरले," असं ती एकदा माझ्या आईला म्हणाली होती. "कोनाले वांती झाल्याचं आईकलं नाई. खोट ह्याईच्या डब्यालेच हाय."

दरम्यान नवऱ्याने अख्ख्या गावाला सुट्ट्या दाखवल्या. तूर-कापूस विकून झाला की मे महिन्यात आमच्या गल्लीतली घरं मिळून त्याची जीप ठरवायची. माहूर झालं. सहस्रकुंडाचा धबधबा झाला, तोही मे महिन्यात, म्हणजे नुसते दगड बघून आलो. पण जास्त वेळा चिखलदरा. लहानपणची सुट्टी म्हटलं की लोकांना आजोळ वगैरे आठवतं. मला मागच्या बाकावर माझ्या दोन्ही पायांच्या मध्ये ठेवलेला पाण्याचा कॅन आठवतो.

चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं, ही कथा तो दर वर्षी सांगायचा. "इथूनच फेकलं. मी जागा दाखोतो." आणि दर वर्षी वेगळी जागा दाखवायचा. माझ्या काकाने एकदा टोकलं, मागल्या साली तर तिकडं फेकलं होतं. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "थो मोठा मानूस होता, काकाजी. एकाच जागी मावते का?"

आम्ही निघायचो तेव्हा त्याची बायको तांड्याच्या तोंडाशी बकऱ्या घेऊन उभी असायची. भाकरी आणि लसणाच्या चटणीचं गाठोडं खिडकीतून त्याच्या मांडीवर टाकायची आणि वळून जायची. तो परतताना तिच्यासाठी तिथली कॉफीची पुडी आणायचा, कारण चिखलदऱ्याला कॉफी पिकते. तिने एका वर्षी ती बकऱ्यांना घातली. बकऱ्यांनी दोन दिवस कुंपणाबाहेर पाय ठेवला नाही, आतल्या आतच उड्या मारत राहिल्या. पुढच्या मे महिन्यात त्याने परत पुडी आणली.

मी नर्सिंग केलं, लग्न केलं, नवरा दारव्ह्यालाच मास्तर मिळाला, आणि फिरत फिरत माझी बदली आमच्याच भागातल्या उपकेंद्रावर झाली. पहिलं प्रेम बीपी मोजायला समोर येऊन बसेल असं मला कुणी तेराव्या वर्षी सांगायला हवं होतं. दाढी अजून रोज करत होता. केस गेले होते. कान होते तिथेच.

"सिस्टर, एक गोष्ट इचारू?" मी पट्टा गुंडाळताना तो म्हणाला. "तुले गाडी लागत नव्हती नं?"

मी म्हटलं, "भाऊ, हात सैल सोडा."

"खरी वांतीवाली बोलत नाई वं. तू त घरापासून दारव्ह्यापावतर तोंड बंद करत नव्हती."

"मग मागं काहून नाई बसवलं?"

"मले झोप नको लागाले," तो म्हणाला.

बीपी त्याचं होतं. माझं मी मोजलं नाही.

तर तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याची तिसरी जीप म्हातारी झाली होती. पुढची पासिंग होणार नाही असं सांगण्यात आलं. दिवाळीनंतर गाडी भंगारात. पोरगा नाशिकला, मुलगी सासरी, नवी गाडी घ्यायचं त्याचं वय नाही. मी गोळ्या द्यायला तांड्यावर गेले तर तो जीपच्या टपावर पाणी टाकून घासत बसलेला.

"सिस्टर, एक काम करता का?" एरवी तो मला 'तू' म्हणायचा, 'करता' आलं म्हणजे काम कठीण होतं. "हिले एक डाव चिखलदरा दाखवाचा हाय. याच गाडीत. भंगारवाला येयाच्या आंधी. सारं गाव माह्या बाजूले बसून गेलं. हेच नाई बसली."

"मग म्हणा की तिला."

"म्या म्हनलं त कोनी म्हनते. तुमी सुईवाल्या हा, तुमचं आईकन."

ती आत, बकऱ्यांच्या पत्र्याच्या गोठ्यात, चारा तोडत होती. मी सरळ विषय काढला. मी नर्स आहे, आडवळणं मला जमत नाहीत. म्हटलं, वयनी, आता चांगली गोळी येते, निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची, काही होत नाही.

"गोळीनं पोट थांबन," ती विळा न थांबवता म्हणाली. "गाडी कोन थांबवन?"

मला कळलं नाही. मग तिने विळा बाजूला ठेवला.

"लगनाच्या दिवशी म्या तीनदा म्हनलं, गाडी थांबवा. नवी नवरी, बोलू नाई त्या टायमाले, तरी बोलली. मले म्हने पुढच्या वळनावर थांबतो. पुढचं वळन गेलं. मंग त्याच्या पुढचं गेलं. इतक्या बायांसमोर माही लाज गेली. वांती काय, लेकराले बी होते. पन ज्या मानसाले थांबता येत नाई त्याच्या बाजूले कायले बसू मी?"

छत्तीस वर्षं आख्खं गाव म्हणत होतं, बिचारीचं पोट नाजूक. त्यात मीही होते. बकऱ्यांच्या डोहाळ्यापासून सरपंचाच्या मूळव्याधीपर्यंत गावातलं सगळं मला माहीत, आणि हे माहीत नाही.

बाहेर घासायचा आवाज थांबला होता. पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. तो दारात येऊन उभा राहिला, हातात ओला फडका.

"म्हनशीन तिथं थांबवतो," तो म्हणाला.

"तुमाले येत नाई थांबवाले."

"येते."

"पाहू."

आणि मग बकऱ्या कोण बघणार, एका मुक्कामाच्या वर राहणार नाही, भंगारवाला गाडी घेऊन गेल्यावर घरी बसून माझ्या बकऱ्यांत नाक खुपसायचं नाही, अशा सगळ्या अटी घालून झाल्या. सगळ्यात शेवटची अट: सिस्टर संग पाह्यजे. म्हणून पन्नाशीला टेकलेली मी, रजेचा अर्ज टाकून, माझ्या पहिल्या प्रेमाच्या हनिमूनला निघाले. नवरा म्हणाला, जा, पण परत ये.

पहाटे निघालो. गोळी मी स्वतः तिच्या जिभेवर ठेवली. मुठीत लिंबू, दाढेखाली लवंग, खाली पेपर; एक नाही, पूर्ण आठवड्याचे. ती समोर ताठ बसली, एक हात दाराच्या कडीवर. चालत्या गाडीतून उतरायचा तिला अनुभव होता. मी मागे एकटी, चौदा जणांच्या जागेवर.

नेर गेलं. अमरावती गेलं. तो कमाल सांभाळून चालवत होता. खड्डा दिसला की खड्ड्याला नमस्कार केल्यासारखा हळू व्हायचा. आणि बोलत होता. हे पाह्य, ह्या हॉटेलात घशात भजं अडकलं म्हनून मी पाटलाच्या पोराले उलटा केला होता. हे पाह्य, हे माहं दुसऱ्या नंबराचं झाड. ती काही बोलत नव्हती. खरी वांतीवाली बोलत नाही, हे मी मागे लक्षात ठेवून होते.

परतवाडा गेलं तरी काही झालं नाही. त्याने आरशातून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. जिंकलो, असं त्याला म्हणायचं होतं.

मग घाट. पहिली वळणं निभावली. त्यानंतर कितव्या तरी वळणाच्या तोंडाशी ती म्हणाली, "थांबवा."

त्याच्या तोंडून निघालं, "पुढच्या वळ..."

आणि त्याने ब्रेक मारला. असा की माझं कपाळ समोरच्या सीटच्या दांडीवर आपटलं आणि दोन दिवस टेंगूळ राहिलं. गाडी घाटाच्या ऐन मध्यभागी, आडवी म्हणावी अशी. मागे एक एसटी करकरत थांबली, तिच्यामागे ट्रक, ट्रकमागे मोटारसायकलींची रांग. ती दार उघडून उतरली आणि कठड्याला धरून वाकली. हा दुसऱ्या बाजूने उतरला आणि रस्त्याच्या मध्ये दोन्ही हात पसरून उभा राहिला.

एसटीच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "अबे, मंधात काय उभा केला डबा? समोर घे नं! पुढच्या वळनावर जागा हाय!"

"पुढचं वळन गेलं खड्ड्यात!" हा ओरडला. "बायकोले गाडी लागली. इथंच थांबन."

सगळा घाट हॉर्न वाजवत होता. मी तिची पाठ चोळली, पाणी दिलं. गोळी माझी होती, त्यामुळे मला थोडं वाईट वाटत होतं. पण तिचा चेहरा पाहिला तर ती पदराने तोंड पुसता पुसता मान वळवून रस्त्याकडे बघत होती. तिथे तो उभा होता. घामेजलेला, हात पसरलेले, समोर आख्खी एसटी.

"थांबला वं," ती मला म्हणाली. बस, एवढंच.

मग म्हणाली, आता बसणार नाही, पायी येते. वर पोचायला अजून चार-पाच किलोमीटर होते. त्याने जीप पुढच्या वळणावरच्या मोकळ्या जागेत लावली आणि खाली परत आला, चालत. हा माणूस तांड्यावरून किराणा दुकानात जायलाही जीप काढायचा. पहिल्या शंभर पावलांतच त्याच्या छातीचा भाता झाला. ती पुढे, झपझप, जन्मभर बकऱ्यांमागे चाललेली. तो मागे. आणि सगळ्यात मागे मी, एका हातात सगळ्यांची पिशवी, दुसऱ्या हाताने टेंगूळ दाबत. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांतून लोक बघत होते. वळणावर उभी रिकामी जीप आणि तिच्यापासून लांब जाणारी तीन म्हातारी माणसं. नवस असेल, असं वाटलं असावं.

ती दर वळणावर थांबायची. मागे बघायची. तो आला की पुढे निघायची.

दरीच्या पहिल्या कठड्यापाशी पोचलो. खाली हिरवं, त्याच्याखाली धुकं. छत्तीस वर्षं तो ह्या जागेचं वर्णन करत होता. आणि आता दम इतका लागलेला की बोलता येईना. हाताने नुसतं दाखवलं.

ती बघत राहिली.

"हेच का?"

त्याने मान हलवली.

"आनखीन?"

त्याने श्वास गोळा केला. "भीमानं... कीचकाले... इथून फेकलं."

"काहून?"

"बाईले तरास देत होता."

"मंग बराबर केलं," ती म्हणाली आणि कठड्याला टेकून खाली बसली. तोही बसला. मी थोडी लांब जाऊन बसले. रजा माझी होती, सुट्टी त्यांची.

परतताना घाट ती पायीच उतरली, जीपपर्यंत. खाली सपाटीला लागेस्तोवर त्याने तीनदा विचारलं, थांबवू का? चौथ्यांदा ती म्हणाली, "आता चालवा न जरा. बकऱ्या वाट पाहून राह्यल्या."

दिवाळीनंतर भंगारवाला जीप घेऊन गेला. मला वाटलं होतं, हा आता खाट धरणार. तर त्याने चालणं धरलं. बोरीचा बाजार आमच्याकडून पाच किलोमीटर. दर बाजारच्या दिवशी दोघं निघायची. ती पुढे, तो मागे. जुन्या ओळखीच्या काळीपिवळ्या त्याच्याजवळ येऊन हळू व्हायच्या: "बसा नं काकाजी, तुमचीच गाडी हाय." तो हात हलवायचा. "जा तुमी. बायको संग हाय."

वाटेत नाल्यावर एक पुलिया आहे. तिथे त्याचा दम संपायचा. तो कठड्यावर बसायचा, ती उभी राहायची, चार-पाच मिनिटं. मी स्कूटीवरून जाताना पाहायची. त्या वेळी दोघं काय बोलत असतील, असं मला कुतूहल होतं. एकदा मुद्दाम गाडी हळू केली. तो तिला सांगत होता की बकऱ्यांना सरकीची पेंड कमी घाल. ती त्याला सांगत होती की अटीत काय ठरलं होतं.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. सकाळी, दाढी करून झाल्यावर, चहाच्या कपाआधी. मी पोचले तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं, ते मी सांगितलं आणि खिडकी उघडली. गालाला साबण राहिला होता, तो पुसला. आमच्यापैकी उरलेल्या चार वांतीवाल्यांना फोन केले. तिघी आल्या. एक रडली, तिचे वार सोमवार आणि गुरुवार होते.

परवा बाजारच्या दिवशी मी बोरीहून परतत होते. ती समोरून येताना दिसली, एकटी, डोक्यावर चुंबळ, झपझप. मी स्कूटी वळवून तिच्यासोबत घेतली.

"बसा वयनी, सोडते."

"कोनी." आणि लगेच, "आता बिगीन पोचते मी. कोनाची वाट पाहा लागत नाई."

मी म्हटलं ठीक आहे, आणि तिच्या बाजूने हळूहळू चालवत राहिले. भाव काय, सुनेचं काय, बकऱ्यांना पाठी किती झाल्या. बोलत बोलत पुलिया आली. ती थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई. दम खाऊन राह्यली."

तिचा श्वास माझ्यापेक्षा संथ चालला होता. मी गाडी बंद करून स्टँडवर लावली.